सोलापुरात ऑक्टोपस: जिवंत खाणं कुठून आणायचं आणि टाकीत सोबतीला कोण चालेल?

सात_रस्ता | ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचे मासे बारा वर्षं पाळतोय, खारं पाणी दोन वर्षं. एकोणीस दिवसांपूर्वी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून छोटा ऑक्टोपस आणला. डोक्याची पिशवी मोठ्या लिंबाएवढी, अंगावर जाळीदार तपकिरी रेषा. जात विक्रेत्यालाही सांगता आली नाही.

टाकी ४ × २ × २ फूट, म्हणजे साधारण साडेचारशे लिटर. खाली शंभर लिटरचा संप (पाणी गाळायची टाकी), प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) मोठा आहे. तापमान २६, क्षारता (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट १५. झाकणाला चारी बाजूंनी क्लिपा.

पहिल्या आठवड्यात शंखातले तीन खेकडे खाल्ले. नंतर दोन गप्पी. आता सहा दिवस झाले, काहीच घेत नाही. फ्रिजमधली कोळंबी समोर धरली की हाताने ढकलून देतो. मडक्यातून बाहेर येत नाही, रंग फिकट असतो.

टाकीत सोबत दोन क्लाउन मासे, एक समुद्रफूल (सी ॲनिमोनी), एक सापतारा (ब्रिटल स्टार, लांब सडपातळ भुजांचा) आणि टर्बो जातीचे पाच शंख होते. शंखांपैकी एकच जिवंत आहे, बाकीचे यानेच खाल्ले असावेत.

दोन प्रश्न. समुद्रापासून इतक्या लांब जिवंत खाणं नियमित कसं मिळवायचं? आणि टाकीतलं कोण ठेवायचं, कोण काढायचं? मुलीचा क्लाउनवर फार जीव आहे, पण ऑक्टोपसला धोका असेल तर मी आजच वेगळी टाकी लावतो.

कोथरूड_रीफ | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२५

दादा, समुद्रफूल आज रात्रीच काढा. ते डंख मारतं आणि ऑक्टोपसची कातडी उघडी, नाजूक असते. फिरता फिरता हात लागला तरी जखम होते. क्लाउनही काढा. लहान मासा एखाद्या रात्री पकडला जातो आणि मोठा मासा ऑक्टोपसच्या डोळ्यांना, हातांच्या टोकांना टोचत राहतो. सापतारा राहू द्या, तो तळाचं उरलंसुरलं खातो आणि ऑक्टोपस सहसा त्याच्या वाटेला जात नाही.

पण त्याआधी मला शंखांबद्दल सांगा. मेलेले शंख रिकामे होते की आत मांस होतं?

सात_रस्ता | ९ फेब्रुवारी, रात्री ११:५०

चारपैकी तीन शंखांत मांस होतं, वास मारत होते. म्हणूनच काढून टाकले.

कोथरूड_रीफ | १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मग ते ऑक्टोपसने खाल्लेले नाहीत. तो शंख खातो तेव्हा आत काही ठेवत नाही. कवचाला बारीक भोक पाडतो, लाळ सोडून आतल्या जिवाला ढिला करतो आणि ओढून काढतो. मांसासकट मेलेला शंख म्हणजे पाण्यात काहीतरी आहे.

सापताऱ्याच्या भुजांची टोकं गळतायत का? आणि या टाकीत कधी माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं औषध घातलं होतं का? त्या औषधात तांबं असतं. माशांच्या उपचाराला पाण्यात ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम प्रति लिटर तांबं ठेवतात आणि त्याच पाण्यात शंख, कोळंबी, खेकडे, ऑक्टोपस टिकत नाहीत. ऑक्टोपसचं रक्त स्वतः तांब्यावर चालतं (हिमोसायनिन, म्हणून ते निळसर असतं), तरी पाण्यात विरघळलेलं तांबं त्याला विषच आहे.

सात_रस्ता | १० फेब्रुवारी, सकाळी ७:४०

सापताऱ्याच्या दोन भुजांची टोकं खरंच गेली आहेत. टाकीत औषध कधीच घातलं नाही, टाकी नवीन आहे. पितळेची तोटी वगैरेही नाही, सगळं पीव्हीसी. दुपारी तांब्याचं टेस्ट किट पुण्याहून मागवतो.

होटगी_रोड | १० फेब्रुवारी, सकाळी ९:१५

काय बे, लई दिवसांनी दिसलास इथं. पाण्याचं बघ तू, पण खेकड्याचं टेन्शन घेऊ नको. आमच्या शेताजवळच्या ओढ्यात दगडाखाली पाहिजे तितके खेकडे आहेत. पोरं कोयत्याच्या टोकानं काढतात. उजनीकडनं येणाऱ्या गाडीत बारीक झिंगेपण जिवंत मिळतील, मी बोलून ठेवतो.

कोथरूड_रीफ | १० फेब्रुवारी, सकाळी १०:००

होटगी रोड दादा, मनापासून मदत करताय, पण ओढ्याचा खेकडा नको. उसाला, भाजीला फवारलेलं सगळं पावसाबरोबर ओढ्यात उतरतं आणि खेकड्याच्या अंगात साठतं. कीटकनाशकं बनतातच कीटकांसाठी, खेकडा त्यांचा जवळचा भाऊबंद आणि ऑक्टोपस तो खेकडा अख्खा पोटात घेणार.

दुसरं कारण चरबीचं. समुद्रातल्या खाण्यात जी लांब साखळीची मेदाम्लं असतात, ती गोड्या पाण्यातल्या जिवांत फार कमी. गप्पी, गोल्डफिश, झिंगे यांवर ऑक्टोपस काही आठवडे जगेल, पण वाढ नीट होणार नाही. अडीनडीला झिंगे चालतील, तेही स्वच्छ पाण्यात चार दिवस ठेवून, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) खाऊ घालून. रोजचं जेवण मात्र समुद्रातलंच हवं.

भाट्ये_किनारा | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

मी रत्नागिरीचा. आमच्या घरी मासेमारी आहे, मी स्वतः खाऱ्या पाण्याची एक टाकी ठेवतो. खाण्याचं मी सांगतो, नीट वाचा, कारण खेकडा मिळवण्यापेक्षा तो सोलापूरपर्यंत जिवंत पोचवणं अवघड आहे.

आधी कोणता खेकडा. खाडीच्या चिखलात एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे असतात, ते ऑक्टोपसला फार आवडतात आणि डब्यात टिकतातही. पण कांदळवनात शिरून खणू नका. आमच्याकडची बरीच कांदळवनं राखीव वन आहेत आणि चिखल उकरला की मुळं उघडी पडतात. उघड्या रेतीच्या चिखलावर, ओहोटीला, हाताने वीस-पंचवीस मिळतात, तेवढे पुरे. दुसरे म्हणजे खडकावरचे काळपट, चपटे खेकडे. तेही काटक. जाळ्यात येणारे पोहणारे खेकडे, पाठीवर तीन ठिपके असलेले, घेऊ नका. ते एकमेकांना फाडतात आणि प्रवासात मरतात. मोठी चिंबोरी तर अजिबात नको, तिच्या डेंग्यात ऑक्टोपसचा हात सापडला तर तुटेल. नियम सोपा आहे: खेकडा ऑक्टोपसच्या डोक्याच्या पिशवीपेक्षा लहान.

खेकड्यांपेक्षा सोप्या म्हणजे तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या. बाजारात बाया वाट्याने विकतात. घट्ट मिटलेल्या घ्या, टकटक केल्यावर जी मिटत नाही ती टाकून द्या. संपमधल्या वाळूत पंधरा दिवस राहतात. रोज बघत जा, एक जरी तोंड उघडून मेली तर रात्रीत अमोनिया वर जातो.

आता पाठवणं. लोक पाण्याची पिशवी भरून खेकडे पाठवतात आणि सगळे मेलेले पोचतात. थोड्याशा पाण्यातला प्राणवायू तासाभरात संपतो. खेकड्याच्या कल्ल्यांना फक्त ओल लागते, हवेतूनही तो श्वास घेतो. थर्माकोलचा डबा घ्या, झाकणाला चार भोकं. तळाला समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेलं गोणपाट, त्यावर खेकडे एका थरात, वर पुन्हा गोणपाट. बाजूला बर्फाची बाटली, पण वर्तमानपत्रात दोन घड्या गुंडाळून, खेकड्याला टेकू न देता. वितळलेलं पाणी आत सांडलं तर गोडं पाणी कल्ल्यांत जाईल. असा डबा चोवीस तास आरामात टिकतो.

होटगी_रोड | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

भाट्येवाले दादा, मार्चपासून आमच्या भावाच्या गाड्या रत्नागिरीहून हापूस घेऊन सोलापूर मार्केट यार्डात येतात. कोल्हापूर, मिरज, सांगोला करत. आंब्याच्या पेट्यांच्या वर एक थर्माकोलचा डबा सहज बसेल. आंब्याला जपतात तसं जपून आणतील.

भाट्ये_किनारा | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

यापेक्षा चांगली सोय होणार नाही. मार्चपर्यंत मी एसटीच्या पार्सलने एक-दोन डबे पाठवून बघतो.

सात_रस्ता | १३ फेब्रुवारी, रात्री ९:००

किट आलं. टाकीच्या पाण्यात तांबं आहे. रंग फिकट आला, पण आला.

कुठून आलं तेही कळलं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं असतं. आईने माझ्या आरओचं पाणी तांब्याच्या दोन हंड्यांत साठवलं होतं. पिण्याला चांगलं, शिवाय भांडी रिकामी नकोत, असा तिचा साधा विचार. रोज उडणारं पाणी मी त्याच हंड्यातून भरत होतो. सोलापूरच्या हवेत रोज चार-पाच लिटर उडतं. आईला फार वाईट वाटलं. तिचा काही दोष नाही, मी कधी सांगितलंच नव्हतं.

कोथरूड_रीफ | १३ फेब्रुवारी, रात्री ९:२०

बरं झालं सापडलं. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, ते किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे साध्या पाण्यापेक्षा तांबं जास्त विरघळवतं.

उद्या सकाळी निम्मं पाणी बदला. मीठ मत्स्यालयाचंच, लिटरला ३५ ग्रॅम. म्हणजे सव्वादोनशे लिटरला जवळजवळ आठ किलो लागेल. स्वयंपाकाचं किंवा मिठागराचं मीठ नको. पाणी प्लास्टिकच्या ड्रममध्ये रात्रभर ढवळून, तापमान आणि क्षारता जुळवूनच घाला. संपमध्ये नवा कार्बन आणि तांबं ओढून घेणारा पॅड टाका. तीन दिवसांनी पुन्हा तपासा, पुन्हा चौथाई बदला. तोपर्यंत खाण्याचा आग्रह करू नका.

सात_रस्ता | १९ फेब्रुवारी, रात्री ११:१०

किटमध्ये आज रंग आला नाही. समुद्रफूल आणि क्लाउन चार दिवसांपूर्वीच दुसऱ्या टाकीत गेले, मुलीने स्वतः जाळी धरली.

भाट्ये दादांचा पहिला डबा आज सकाळी आला. बावीसपैकी एकोणीस जिवंत. दिवे बंद करून मडक्यासमोर एक सोडला. पहिल्यांदा फक्त डोळा वर आला, मग अंगाचा रंग एकदम गडद झाला आणि छत्री उघडल्यासारखा तो खेकड्यावर येऊन पडला. आई, मी, मुलगी अंधारात बसून बघत होतो. सोळा दिवसांनी जेवला. तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाही.

प्राणिशास्त्र_शिक्षिका | २० फेब्रुवारी, दुपारी ४:००

हा धागा वाचून खूप बरं वाटलं आणि थोडी अस्वस्थही झाले. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

ऑक्टोपसच्या मज्जापेशींपैकी निम्म्याहून जास्त त्याच्या हातांत असतात. चूषकांनी तो स्पर्शाबरोबर चवही घेतो. म्हणून फ्रिजमधली कोळंबी ढकलून देतो तेव्हा त्याने ती चाखून नाकारलेली असते. बाजारच्या गोठवलेल्या कोळंबीला ताजी दिसावी म्हणून रसायनं लावतात, ती त्याला कळत असावीत. साधी, कवचासकट कोळंबी घेऊन खाऱ्या पाण्यात धुऊन बघा.

अस्वस्थता खेकड्याबद्दल. ब्रिटनने २०२२च्या प्राणिकल्याण कायद्यात ऑक्टोपसच्या कुळाला संवेदनाक्षम प्राणी मानलं, तेव्हा त्याच कायद्यात खेकडे, शेवंडं, कोळंबी यांचाही समावेश केला. त्यासाठी झालेल्या अभ्यासात दोघांनाही वेदना होतात याचे भक्कम पुरावे मांडले गेले. मग एका संवेदनाक्षम जिवासाठी आपण दुसरा असा जीव गाडीने चारशे किलोमीटर आणतोय. तुम्ही ऑक्टोपस ठेवू नका असं मी म्हणत नाही, तो आता तुमच्याकडे आहे. पण रोज जिवंत खेकडा लागतोच का?

भाट्ये_किनारा | २० फेब्रुवारी, रात्री ८:४५

ताई, तुमचं म्हणणं मला पटतं. आम्ही मासे मारून पोट भरतो, पण जीव तडफडत ठेवणं आमच्या घरातही चालत नाही. आजी खेकडे उकळत्या पाण्यात टाकण्याआधी बर्फात ठेवायला लावायची.

माझा अनुभव असा की जिवंत खाणं आठवड्यातून दोनदा पुरे होतं. बाकी दिवस ताजी मेलेली कोळंबी, तिसरीचं मांस, माकुलाचा (स्क्विडचा) तुकडा. शिकवावं लागतं मात्र. प्लास्टिकच्या लांब काडीला तुकडा अडकवून मडक्यासमोर खेकडा चालल्यासारखा हलवायचा, डोळ्यांना दिसेल असा. चूषकांनी धरला की काडी सोडून द्यायची, ओढायची नाही. पहिले चार दिवस नकार येईल. रोज एकाच वेळी, संध्याकाळी. न खाल्लेला तुकडा दोन तासांत काढायचाच.

आणि खेकडा टाकीत सोडून आठ दिवस घाबरवत ठेवायचा नाही. भूक असेल तेव्हाच सोडा. ऑक्टोपस चावा घेऊन लाळेतलं विष सोडतो, खेकडा फार लवकर ढिला पडतो.

सात_रस्ता | २१ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

मॅडम, आईचंही हेच म्हणणं होतं. ती माळकरी आहे, तरी तिनेच खेकड्यांचा टब आपल्या देवघराशेजारच्या सावलीत ठेवून घेतला, तिथे गारवा असतो म्हणून. मी मेलेल्या खाण्यावर आणायचा प्रयत्न करतो.

टबाबद्दल लिहितो, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल. साठ लिटरचा प्लास्टिकचा टब, एका बाजूला वाळूचा उतार, खाली चार इंच निमखारं पाणी, हवेचा छोटा पंप, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. खेकड्यांना आधी दोन दिवस नीट खाऊ घालतो: सुकं शेवाळ, कोळंबीचं डोकं, थोडं स्पिरुलिना. खेकड्याच्या पोटात जे जाईल तेच पुढे ऑक्टोपसला मिळणार. हा टब ऑक्टोपसच्या टाकीआधी लावायला हवा होता.

अशोक_चौक | २ मार्च, रात्री १०:२०

मीपण खाऱ्या पाण्याचा विचार करतोय. एकटा ऑक्टोपस बिचारा दिसतो. दुसरा आणून जोडी करता येईल का? किंवा समुद्री काकडी, समुद्री घोडा, प्रवाळ असं शांत काहीतरी?

कोथरूड_रीफ | २ मार्च, रात्री १०:५५

जोडी नको. ऑक्टोपस एकट्याने राहणारा प्राणी. दोन एकत्र ठेवले तर एक दुसऱ्याला खाऊ शकतो, आणि बंद टाकीत पळायला जागा नसते.

समुद्री काकडी, समुद्री घोडा, कठीण प्रवाळ, समुद्रपंखा हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीत आहेत. कुणी विकायला आणलं तरी घेऊ नका. कायदा बाजूला ठेवला तरी घाबरलेली समुद्री काकडी पाण्यात जे विष सोडते त्याने अख्खी टाकी बसते. प्रवाळ डंखही मारतात. टाकीला सिरॅमिकचे दगड वापरा, जिवाणू त्यांवरही छान बसतात.

आखूड काट्यांचा समुद्री साळू (सी अर्चिन) काहींनी ठेवलाय, लांब काट्यांचा नको. साफसफाईचे शंख ठेवा, पण ते एक दिवस जेवण होतील हे धरून चाला. मँटिस कोळंबी दगडाच्या भोकातून चुकून आली असेल तर आधी शोधून काढा, ती ऑक्टोपसलाच मारते. आणि निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस कुणी कितीही स्वस्तात देऊ केला तरी घरात आणू नका. त्याच्या चाव्यात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं, त्यावर उतारा नाही.

प्राणिशास्त्र_शिक्षिका | ३ मार्च, सकाळी ११:३०

सोबत म्हणून जीव देण्यापेक्षा काम द्या. फिरकीच्या झाकणाची बरणी, आत तिसरी. वेगवेगळ्या आकाराचे रिकामे शिंपले. बिनरंगाचं, बिनचकाकीचं कुंभाराचं मडकं. नारळाची अर्धी करवंटी आठवडाभर पाणी बदलत भिजवून ठेवून बघा. इंडोनेशियाच्या समुद्रात काही ऑक्टोपस करवंटीच्या दोन वाट्या पोटाशी धरून चालत नेतात आणि गरज पडली की त्यांत मिटून बसतात, हे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. त्या जातीचा वावर आपल्या समुद्रातही आहे. तुमच्या फोटोतली जाळीदार रेघ बघून मला तीच शंका येते.

सात_रस्ता | ११ मार्च, रात्री ९:४५

करवंटी ठेवल्याच्या दुसऱ्या रात्री मडकं सोडून करवंटीत मुक्काम! दोन्ही वाट्या जुळवून आत बसतो, मध्ये फटीतून एक डोळा.

काडीवरची कोळंबी आता घेतो. आठवड्यात पाच जेवणं, त्यातली दोन जिवंत. पहिला डबा आंब्याच्या गाडीतून परवा आला, पंचवीसपैकी पंचवीस जिवंत. खेकड्यांना हापूसचा वास लागला होता.

होटगी_रोड | ४ एप्रिल, दुपारी २:३०

काय करलालास बे, आज पारा ४२ वर गेलाय. टाकीचं कसं?

सात_रस्ता | ४ एप्रिल, रात्री ८:००

चिलर लावलाय, टाकी २५ वर आहे. खरी भीती वीज जाण्याची. परवा दुपारी दोन तास गेली. इन्व्हर्टरवर फक्त हवेचा पंप आणि फिरवणारा पंप ठेवला, चिलर त्यावर चालत नाही. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या संपमध्ये आळीपाळीने टाकल्या, तापमान २७.५ च्या वर जाऊ दिलं नाही. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि याची भूक, श्वास दोन्ही वाढतात. उन्हाळ्यात फ्रीजरमध्ये दहा बाटल्या कायम.

उडणारं पाणी आता रोज सहा-सात लिटर. त्याच्या जागी गोडं आरओच घालतो, खारं नाही. मीठ उडत नाही, पाणी उडतं. साठवण निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, त्यावर आईने खडूने मोठ्या अक्षरात 'ऑक्टोपसचं पाणी' लिहिलंय.

सात_रस्ता | ६ मे, सकाळी ६:१५

गेले चार दिवस खाल्लेलं नाही. तांबं तपासलं, शून्य. अमोनिया शून्य. मडक्यात परत गेलाय, तोंडावर शिंपले आणि खडे रचून दार बंद केलंय. आज टॉर्चच्या लाल उजेडात फटीतून बघितलं. मडक्याच्या आतल्या छताला पांढरे घोस लटकतायत, साबुदाण्यापेक्षा बारीक, लांबट दाण्यांचे. हातांनी सारखी कुरवाळतेय, पाण्याचा फवारा मारतेय. म्हणजे ती मादी आहे.

आता खायला काय देऊ?

प्राणिशास्त्र_शिक्षिका | ६ मे, सकाळी ८:२०

दादा, आता ती बहुधा खाणार नाही. अंडी घातल्यावर मादी त्यांची राखण करते, अन्न जवळजवळ सोडते आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. डोळ्यांजवळच्या एका ग्रंथीमुळे हे होतं. १९७७ मध्ये वोडिन्स्की यांनी अंडी घातलेल्या माद्यांची ती ग्रंथी काढली, तेव्हा त्यांनी अंडी सोडून दिली, पुन्हा खायला लागल्या आणि जास्त दिवस जगल्या. बहुतेक छोट्या जातींचं आयुष्यच वर्षभराचं. पकडली गेली तेव्हा ती बरीच वाढलेली असणार आणि नराशी मिलनही आधीच झालेलं असेल. मादी ते बीज बरेच दिवस साठवून ठेवू शकते.

दिवे मंद ठेवा, मडकं हलवू नका. पंपाच्या तोंडावर बारीक स्पंज बांधा.

भाट्ये_किनारा | ६ मे, रात्री ९:१०

मडक्याच्या दाराशी एक सोललेली तिसरी ठेवून बघा. घेतली तर घेतली. दोन तासांनी काढा. जिवंत खेकडा मात्र आता टाकीत सोडू नका, तो अंडी खाईल. सापताराही बाहेर काढा.

सात_रस्ता | २८ मे, रात्री ११:३०

दोनदा तिसरी घेतली होती. नंतर ढकलून दिली. रंग पांढुरका होत गेला, कातडी सैल पडली, पण फवारा थांबला नाही.

परवा रात्री पिल्लं सुटली. शेकडो, पारदर्शक, तिळाएवढी, पाण्यात उभी तरंगणारी. मी ताजा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) उबवून ठेवला होता. काहींनी घेतला, तरी आज जेमतेम तीस-चाळीस उरलीत. कोथरूड दादांनी आधीच सांगितलं होतं की एवढ्या बारीक पिल्लांना समुद्रातले कोपेपॉड (अतिसूक्ष्म कवचधारी जीव) आणि खेकड्यांची अळी लागते, घरच्या टाकीत ती मोठी होणं जवळपास अशक्य. तरी रोज दोनदा उबवतोय.

ती आज पहाटे गेली. मडक्याच्या दाराशीच होती. मुलीने करवंटीच्या दोन्ही वाट्या मागून घेतल्या, अंगणातल्या कडुनिंबाखाली ठेवल्यात.

होटगी_रोड | २८ मे, रात्री ११:५०

उद्या सकाळी घरी येतो. काकूंना सांग, चहा माझ्याकडनं.

भाट्ये_किनारा | २९ मे, सकाळी ७:००

वाचून गलबललो. चार महिने तुम्ही तिला काही कमी पडू दिलं नाही.

एक विचारतो, कारण उद्या आंब्याची शेवटची गाडी निघेल. १ जूनपासून ट्रॉलर बंद, आणि पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, तेव्हा मीही खाडीत जात नाही. टबात खेकडे किती उरलेत? ते तिथल्या तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नका, आणि इकडे परत पाठवूनही समुद्रात सोडता येणार नाहीत. टाकीतला एखादा रोग बरोबर यायचा.

सात_रस्ता | २९ मे, रात्री ८:३०

अकरा आहेत. सोडणार नाही. आईने परवा एकाला मोठी नांगी वर-खाली हलवताना बघितलं, तेव्हापासून संध्याकाळची वाटी तीच ठेवते. ऑक्टोपसची टाकी रिकामी करून त्यांच्यासाठी लावतोय, अर्ध्यात रेती, अर्ध्यात निमखारं पाणी. दुसरा ऑक्टोपस आणायचा नाही असं घरात ठरलंय.

पिल्लं आज बारा आहेत.

होटगी रोडच्या भावाची गाडी उद्या परत निघेल. तिच्यात तुमचे तीन थर्माकोलचे डबे पाठवतोय, गोणपाट धुऊन, वाळवून. वरच्या डब्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आहे, आईने केलेली. चटणी फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेरच चांगली राहते.